ठासणीच्या बंदुकीवरील गंज : परीक्षा, निवारण आणि प्रतिबंध

ठासणीच्या जुन्या बंदुका महाराष्ट्रातील वस्तुसंग्रहालयांत, देवस्थानांच्या कोठारांत आणि जुन्या घराण्यांच्या वाड्यांत आजही जतन केलेल्या आढळतात. पुण्याचे राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय किंवा मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांसारख्या संस्थांतून अशा शस्त्रांची देखभाल जाणकारांच्या हाती असते. परंतु संस्थांच्या बाहेर राहिलेल्या बंदुकांची निगा बहुधा परंपरेने चालत आलेल्या समजुतींवरच अवलंबून असते. आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, शस्त्रे पूजेसाठी बाहेर काढावयाची, तत्पूर्वी ती घासूनपुसून लखलखीत करावयाची आणि पूजा आटोपल्यावर पुन्हा जागच्या जागी ठेवून द्यावयाची, हा क्रम अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या घासण्यामागील भाव आदराचा असतो, यात संशय नाही. तथापि ज्या नळीवर कधी काळी कारागिराची खूण, शिलेखान्याचा आकडा अगर सोन्यारुप्याची वेल होती, ती नळी अशा शेकडो घासण्यांनंतर गुळगुळीत आणि मुकी होऊन जाते. गंजाने जेवढी हानी केली असती तिच्याहून अधिक हानी गंज काढण्याच्या खटाटोपाने झालेली असते.

गंज हा एकच एक पदार्थ आहे आणि तो सर्वत्र सारखाच अपायकारक आहे, ही समजूत या हानीच्या मुळाशी आहे. वस्तुतः जुन्या लोखंडावर जे तांबडे, तपकिरी अथवा काळे थर दिसतात त्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. काही गंज धातूला आजही खात असतो. काही गंज कधीचाच स्थिर होऊन उलट धातूला झाकून राहिलेला असतो. आणि काही वेळा ज्याला गंज समजले जाते तो कारागिरानेच मुद्दाम चढविलेला रंग असतो. या तिहींचा विवेक करणे हेच या कामातील खरे शास्त्र होय. पहिला थांबवावयाचा, दुसरा राखावयाचा आणि तिसऱ्याला हातही लावावयाचा नाही, एवढे सूत्र ध्यानी ठेवले तर पुढील सर्व कृती सहज समजू शकतील.

नळीची घडण

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्यात दारू आणि गोळी तोंडाकडून घालून गजाने ठासावयाची ती. बार पेटविण्याच्या रीतीवरून तिचे तीन प्रकार होतात. तोड्याच्या बंदुकीत जळती जामगी रंजकावर टेकविली जाई. चापाच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडली जाई. आणि टोपीच्या बंदुकीत स्फोटक द्रव्य भरलेल्या तांब्याच्या लहानशा टोपीवर घोडा आपटत असे. हिंदुस्थानात तोड्याची बंदूक युरोपच्या मानाने पुष्कळच उशिरापर्यंत, एकोणिसाव्या शतकातही, वापरात राहिली. त्यामुळे आपल्याकडील जुन्या संग्रहांत तिचे प्रमाण मोठे असते.

या बंदुकांची नळी अखंड पोलादाच्या कांबीला भोक पाडून केलेली नसे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल याने रचलेल्या 'ऐन-इ-अकबरी'त नळी घडविण्याची रीत वर्णिली आहे. लोखंडाची पट्टी चपटी करून ती तिरकस पीळ देत गुंडाळावयाची, पिळाच्या कडा एकमेकींवर चढवावयाच्या आणि तापवून व ठोकून त्या एकजीव करावयाच्या, असा तिचा सारांश आहे. नळ्या साफ करण्याचे काम किती कष्टाचे होते याचीही साक्ष त्याच ग्रंथात मिळते. पूर्वी एका बळकट माणसाला लोखंडी हत्यारे घेऊन बराच वेळ खपावे लागे. अकबराच्या कारखान्यात मात्र गुराच्या बळावर फिरणाऱ्या एका चक्राने सोळा नळ्या एकाच वेळी साफ होत असत, असे तेथे नमूद आहे.

या घडणीचे दोन परिणाम गंजाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, भट्टीतल्या जुन्या लोखंडात मळीच्या बारीक रेषा राहिलेल्या असतात आणि ओल त्या रेषांच्या व सांध्यांच्या वाटेने आत शिरते. वरून किंचित डागाळलेली दिसणारी नळी सांध्यापाशी खोलवर पोखरलेली असू शकते. म्हणूनच जुनी बंदूक कितीही स्वच्छ झाली तरी तिच्यातून बार काढण्याचा मोह कदापि धरू नये. दुसरा परिणाम असा की, पिळाचे हे लोखंड सौम्य आम्लाने वा हिराकशीसारख्या द्रव्याने चरविले असता त्यावर लाटांसारखी जाळीदार नक्षी उमटते. ही नक्षी केसाच्या जाडीइतक्याही थरात नसते. वाळूच्या कागदाने चार हात मारले की ती नाहीशी होते आणि नळी कोणत्या पद्धतीने घडविली होती याचा दृश्य पुरावाही तिच्याबरोबर नष्ट होतो.

गंज कसा चढतो

लोखंड, प्राणवायू आणि पाणी ही तिन्ही एकत्र आल्यावाचून गंज चढत नाही. कोरड्या हवेत लोखंड वर्षानुवर्षे तसेच राहते. प्राणवायू काढून टाकलेल्या पाण्यातही ते फारसे बिघडत नाही. मात्र धातूच्या पृष्ठावर पाण्याचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरला की त्या पापुद्र्यात विजेचे सूक्ष्म घट तयार होतात. एका ठिकाणी लोखंड विरघळू लागते, शेजारच्या ठिकाणी प्राणवायू खर्ची पडतो आणि दोहोंच्या संयोगातून तांबूस प्राणिदे जमू लागतात.

हा पापुद्रा केव्हा धरतो, हा प्रतिबंधाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये व्हर्नन या शास्त्रज्ञाने दोन महायुद्धांच्या दरम्यान केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, गंधकाच्या धुराने थोडी दूषित झालेली हवा असली तरी सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या खाली असताना लोखंड अगदी मंद गतीने गंजते आणि ती मर्यादा ओलांडताच गंजण्याचा वेग एकाएकी वाढतो. कोकणपट्टीत पावसाळ्याचे चारही महिने ही मर्यादा मागे पडलेली असते. घाटमाथ्यावर आणि देशावर उन्हाळ्यात हवा कोरडी असते, पण आषाढ-श्रावणात तेथेही तीच अवस्था होते. एकाच बंदुकीला वर्षातून एकदा कोरडे व्हावे लागते आणि एकदा भिजावे लागते. या आवर्तनामुळे गंजाचे थर फुगतात, तडकतात आणि नव्या लोखंडाला वाट मोकळी करून देतात.

गंजाच्या थरांतही भेद असतो. धातूला लागून बहुधा काळसर, घट्ट असे मॅग्नेटाइट असते. त्यावर तपकिरी गोएथाइट असते. आणि सर्वांत वर नवा, भुरभुरीत, नारिंगी असा लेपिडोक्रोसाइट असतो. पहिले दोन पदार्थ बरेच स्थिर असतात. तिसरा नव्याने चालू झालेल्या क्रियेची खूण असतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटी-तिपटीने जागा व्यापतो. त्यामुळे नळी आणि लाकडी दस्ता यांच्यामधल्या सांदीत चढलेला गंज दस्त्याला चीर पाडतो आणि सोन्याच्या तारकामाखाली चढलेला गंज तार उचलून फेकून देतो.

क्षारांचा वाटा

केवळ ओल असती तर गंजाचा बंदोबस्त पुष्कळ सोपा झाला असता. बंदुकीच्या बाबतीत मात्र क्षार हा तिसरा भागीदार असतो आणि तो निरनिराळ्या वाटांनी येतो. काळ्या दारूत सुमारे तीन चतुर्थांश सोरा आणि उरलेला भाग कोळसा व गंधक असतो. बार उडाल्यावर तिचा जवळजवळ अर्धा भाग राख म्हणून मागे राहतो आणि त्या राखेत पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट व सल्फाइड असते. टोपीच्या बंदुकीत टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटपासून पोटॅशियम क्लोराइड तयार होऊन कानापाशी साचते. समुद्रकाठच्या वाऱ्यातून मीठ येते. हाताळणाऱ्याच्या घामातूनही मीठच येते, आणि बोटांचे ठसे काही आठवड्यांत गंजाच्या रूपाने उमटतात.

क्षारांचा दोष असा की, ते हवेतील ओल स्वतःकडे ओढून घेतात आणि हवा फारशी दमट नसतानाही लोखंडाला भिजवून ठेवतात. शुद्ध खाण्याचे मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाझरू लागते. पोटॅशियम कार्बोनेट सुमारे ४३ टक्क्यांना. आणि समुद्राच्या मिठात असणारे मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांनाच. म्हणजे किनाऱ्यावरील बंदूक उन्हाळ्यातल्या दुपारीही पूर्णपणे कोरडी असतेच असे नाही.

तेल लावले की झाले, ही समजूत येथे टिकत नाही. अमेरिकेच्या खाणकाम-विभागाने १९२२ मध्ये विल्बर्ट हफ यांचे या विषयावरील संशोधन प्रसिद्ध केले. बार काढल्यानंतर तेल लावून ठेवलेल्या नळ्याही आतून का गंजतात, हा त्यांचा प्रश्न होता. टोपीतील क्लोरेटपासून झालेले क्लोराइड तेलाच्या थराखाली तसेच राहते, तेलात ते विरघळत नाही आणि तेलातून झिरपलेल्या ओलीने ते आपले काम चालू ठेवते, हे त्यांनी दाखवून दिले. क्षाराला तेल नव्हे, पाणीच घालवू शकते. सैनिक बार काढल्यावर नळीत उकळते पाणी ओतीत असत आणि ती कोरडी केल्यावरच तेल लावीत असत, या जुन्या शिस्तीचे मर्म यात आहे.

क्लोराइड गंजाच्या थराखाली धातूपर्यंत पोचले की अकागानेआइट नावाचा गंज तयार होतो. जपानमधील अकागाने खाणीवरून या खनिजाला हे नाव मिळाले. त्याच्या घडणीतच क्लोराइड अडकलेले असते. अशा बंदुकीवर पावसाळ्यात तपकिरी, आम्लधर्मी थेंब पाझरताना दिसतात आणि ते वाळले की त्यांच्या जागी पोकळ, नारिंगी फोड राहतात. हे चिन्ह दिसले की ती बंदूक आजारी आहे, केवळ जुनी नाही, असे निश्चित समजावे.

राखावयाचा गंज

गंजाने गंजाला अटकाव करणे ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. पण बंदूक घडविणाऱ्यांना ती उत्तम अवगत होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपीय कारागीर नळीवर सौम्य क्षारद्रव लावून तिला दमट जागेत गंजू देत, वरची भुकटी घासून टाकीत आणि हा क्रम अनेकवार करीत. शेवटी एक सारखा, घट्ट, तपकिरी थर तयार होई. हाच थर उकळत्या पाण्यात धरला तर तांबड्या प्राणिदाचे काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होऊन निळसर काळा रंग मिळे. हा रंग शोभेसाठी होता तसाच रक्षणासाठीही होता, कारण त्यात तेल अगर मेण मुरून बसे. अशी तपकिरी नळी घासून पांढरी करणे म्हणजे रंगविलेल्या चित्रावरून रंग खरवडून कापड स्वच्छ करण्यासारखे आहे.

मुद्दाम न चढविलेला गंजही कधी कधी संरक्षक ठरतो. दिल्लीतील लोहस्तंभ सोळाशे वर्षांच्या सुमारास उघड्यावर उभा आहे, त्याचे श्रेय त्याच्या लोखंडातील स्फुरदाच्या अंशामुळे पृष्ठावर धरलेल्या पातळ थराला दिले जाते. कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेतील आर. बालसुब्रमण्यम यांनी या थराचा तपशीलवार अभ्यास केला होता. बंदुकीच्या नळीला तेवढे भाग्य लाभेलच असे नाही. परंतु गुळगुळीत, काळसर तपकिरी आणि बोट फिरविले असता रंग न सोडणारा थर हा सहसा शत्रू नसतो. मूळ पृष्ठाची रेषा, कोरलेली अक्षरे आणि ठोकलेल्या खुणा अनेकदा याच थरात टिकून असतात. त्याखालच्या धातूत त्या राहिलेल्याच नसतात. थर गेला की अक्षरे गेली.

कामाआधीची परीक्षा

गंजाकडे वळण्यापूर्वी बंदूक भरलेली आहे की काय, हे पाहणे आवश्यक आहे. तोड्याच्या आणि चापाच्या बंदुका भरून ठेवण्याचा प्रघात होता, आणि भरलेला बार काढून घेण्यापेक्षा तो तसाच राहू देणे सोपे असे. कोरडी राहिलेली काळी दारू शतकानंतरही पेट घेऊ शकते. २००८ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात तेथील यादवी युद्धातला एक तोफगोळा साफ करीत असता त्याचा स्फोट होऊन साफ करणारा संग्राहक मृत्यू पावला. तो गोळा सुमारे १४० वर्षांचा होता. परीक्षेची रीत साधी आहे. बंदुकीचे तोंड कोणत्याही माणसाकडे न धरता एक लाकडी काठी नळीत हळूच बुडापर्यंत सोडावी, तोंडापाशी तिच्यावर खूण करावी आणि मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून ती कानापर्यंत पोचते की नाही हे ताडून पाहावे. काठी बोटभर जरी अलीकडे थांबली तरी आत बार अथवा बोळा आहे असे धरून चालावे, काम तेथेच थांबवावे आणि बंदूक तशीच ठेवून पोलिसांना व परवानाधारक शस्त्रकारागिराला कळवावे. आत काही खुपसून तो बार काढण्याचा प्रयत्न करू नये.

यानंतर बंदुकीची नोंद करावी. चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. तिरप्या उजेडात नळी न्याहाळून अक्षरे, आकडे, तारकाम व ठोकलेल्या खुणा यांच्या जागा कागदावर उतरवून ठेवाव्यात. तोड्याच्या बंदुकीची नळी दस्त्याला पितळी कड्यांनी, तारेने अगर कातडी वाद्यांनी बांधलेली असते. ही बांधणीही पुराव्याचाच भाग असल्यामुळे ती तोडू नये. नळी सोडविण्याचे काम जाणकारावरच सोपवावे. निदान शंभर वर्षे जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तरतुदीही ध्यानात घ्याव्या लागतात. म्हणून बंदुकीची कागदपत्रे तिच्या नोंदीबरोबरच ठेवणे इष्ट होय.

निवारण

गंज काढण्याच्या कामात सर्वांत सौम्य साधनाने आरंभ करावा आणि ते पुरे पडत नाही असे दिसल्यावरच पुढच्या साधनाकडे वळावे. प्रथम मऊ कुंचल्याने सुटी धूळ व भुकटी झाडून टाकावी. नंतर पातळ खनिज तेलाचे दोनचार थेंब नारिंगी डागावर लावून ते एक-दोन दिवस मुरू द्यावेत. मुरलेला, भुरभुरीत गंज बांबूच्या काडीने अथवा तांब्यापितळेच्या पट्टीच्या बोथट कडेने भिंगाखाली हळूहळू उचलावा. तांबे व पितळ ही लोखंडाहून मऊ असल्याने धातूला ओरखडा पडण्याचे भय कमी असते. मात्र त्यांचा अंश मागे राहणार नाही याची दक्षता घ्यावी. काळसर तपकिरी थर दिसू लागला की थांबावे. चकाकी येईपर्यंत घासणे हे यशाचे नव्हे, तर अतिरेकाचे लक्षण आहे. कोफ्तगरीच्या तारकामावर आणि अक्षरांवर पट्टीही वापरू नये. तेथे तेल व कापसाचा बोळा एवढ्यावरच भागवावे.

फिरत्या तारेच्या घासण्या, वाळूचा कागद, विटकरीची भुकटी आणि राख ही साधने सर्वस्वी वर्ज्य होत. लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि बाजारी आम्ले यांबद्दलही तेच म्हणावे लागते. आम्ल वाईट गंज आणि चांगला गंज यांत भेद करीत नाही; ते मॅग्नेटाइटही विरघळविते, धातूलाही चावते आणि नळीच्या सांध्यांत शिरून बसते. मिठाचे आम्ल तर ज्या क्लोराइडला बाहेर काढावयाचे तेच आत सोडते. आम्लाने साफ झालेली नळी आठ दिवस राखाडी व स्वच्छ दिसते आणि पहिल्याच पावसात पूर्वीपेक्षा अधिक वेगाने तांबडी होते.

क्षार घालविण्यासाठी पाणी लागते हे वर आलेच आहे. नळी दस्त्यापासून जाणकाराकडून सोडविली असेल तर आतला भाग गरम, ऊर्ध्वपातित पाण्याने अनेकवार धुवावा. धुतलेल्या पाण्यात नायट्रिक आम्लाचा थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला असता पाणी दुधाळ झाले तर क्लोराइड अद्याप शिल्लक आहे असे समजावे. शेवटी स्पिरिटने ओल काढून नळी उबदार हवेत पूर्ण सुकवावी. नळी दस्त्यातच असेल तर पाणी ओतू नये. ते लाकडात मुरेल. तेथे ओलसर बोळे गजाच्या टोकाला बांधून फिरवावेत आणि लगोलग कोरडे बोळे फिरवावेत.

गंज स्थिर करण्याचा एक उपाय महाराष्ट्राला परका नाही. हिरड्याचा काढा आणि हिराकस यांपासून शाई करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. हिरड्यातील टॅनिन लोखंडाच्या क्षाराशी संयोग पावून निळाकाळा, न विरघळणारा पदार्थ बनतो. तोच त्या शाईचा रंग. हीच क्रिया गंजावर घडवून आणली तर भुरभुरीत तांबडा थर काळा व घट्ट होतो. पेलिकान यांनी १९६६ मध्ये लोखंडी वस्तूंच्या जतनासाठी टॅनिनच्या उपयोगाची पद्धतशीर मांडणी केली, तेव्हापासून संग्रहालयांत तिचा बराच प्रसार झाला आहे. मात्र या उपायाला मर्यादा आहेत. हिरड्याच्या काढ्यात टॅनिनबरोबर शर्कराही असते आणि तिच्यावर बुरशी धरते. म्हणून काढा न वापरता शुद्ध टॅनिक आम्लाचा द्रव वापरावा. त्याने पृष्ठाचा रंग कायमचा काळा होतो. म्हणून तारकाम, नक्षी अथवा तपकिरी रंग असलेल्या नळीवर तो मुळीच लावू नये. आणि क्लोराइड शिल्लक असेल तर हा काळा थरही खालून फुटतो.

विजेच्या साहाय्याने गंज काढण्याची, म्हणजे वस्तूला ऋणाग्र करून सोड्याच्या द्रवात ठेवण्याची पद्धत समुद्रातून वर काढलेल्या तोफांसाठी उपयुक्त ठरली आहे. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातील नॉर्थ व पिअरसन यांनी अशाच वस्तूंसाठी अल्कधर्मी सल्फाइटची पद्धत पुढे आणली. या पद्धतींना प्रयोगशाळा, नियंत्रित प्रवाह आणि महिनोन्‌महिन्यांचा अवधी लागतो. ठासणीच्या बंदुकीवर घरी त्यांचा प्रयोग केल्यास चढविलेला रंग, तारकाम आणि कमानींची ताकद ही सर्वच धोक्यात येतात. पाझरणारी बंदूक असेल तर ती तज्ज्ञांकडे पोचविणे हाच मार्ग. लखनौ येथे १९७६ मध्ये स्थापन झालेली सांस्कृतिक संपत्तीच्या जतनाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा ही याच कामाला वाहिलेली संस्था आहे.

प्रतिबंध

गंज काढणे हे काम एकदाचे असते; तो पुन्हा चढू न देणे हे काम कायमचे. बंदूक हाताळताना सुती वा रबरी हातमोजे घालावेत. सुकविलेल्या नळीवर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्यावा आणि तो मऊ कापडाने चोळून घ्यावा. ब्रिटिश म्यूझियमच्या प्रयोगशाळेत १९५० नंतरच्या दशकात अशा मेणाचे मिश्रण सिद्ध झाले आणि आज बहुतेक संग्रहालये तेच पसंत करतात. मेण ओघळत नाही, धूळ फारशी धरीत नाही आणि हवे तेव्हा काढता येते. खोबरेल किंवा जवसाचे तेल मात्र वापरू नये. वनस्पतिज तेले कालांतराने चिकट व आम्लधर्मी होतात. खनिज तेल लावावयाचे झाल्यास ते नळीच्या आतल्या भागात आणि अगदी अल्प लावावे, आणि बंदूक आडवी अथवा तोंड किंचित खाली करून ठेवावी. अन्यथा तेल ओघळून दस्त्याच्या मानेत मुरते आणि लाकूड कुजविते.

मेणाहूनही महत्त्वाची आहे ती हवा. येथे एक खरी अडचण उभी राहते. क्लोराइडयुक्त लोखंडाला हवा जितकी कोरडी तितकी बरी. ब्रिस्टल येथील 'ग्रेट ब्रिटन' या लोखंडी जहाजाच्या तळाभोवती २००५ पासून सुमारे २० टक्के आर्द्रता राखून त्याचा गंज आटोक्यात ठेवला आहे. परंतु बंदुकीला लाकडी दस्ता असतो, आणि इतक्या कोरड्या हवेत तो आक्रसून चिरतो. म्हणून धडधाकट बंदुकीसाठी ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपासची, फारशी न बदलणारी हवा हाच व्यवहार्य मध्यबिंदू होय. घट्ट झाकणाची पेटी, तीत सिलिका जेलच्या पुरचुंड्या आणि एक लहानसा आर्द्रतामापक एवढ्या सामग्रीने हे साधते. पुरचुंड्या ओल शोषून निकामी होतात. त्या वेळोवेळी तापवून सुकवाव्या लागतात. नव्या, कच्च्या लाकडाच्या पेटीतून आम्लाची वाफ निघते आणि कातडी म्यान अगर लोकरीची गवसणी ओल धरून ठेवते. म्हणून या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. बाहेरच्या भिंतीला टेकून किंवा तिच्यावर खुंटीला टांगून बंदूक ठेवू नये, कारण पावसाळ्यात तीच भिंत सर्वांत आधी घाम धरते.

या दृष्टीने पाहता खंडेनवमीचा मुहूर्त अतिशय योग्य वेळी येतो. पाऊस सरत आलेला असतो, हवा कोरडी होऊ लागलेली असते आणि चार महिन्यांत जे काही बिघडले असेल ते त्या दिवशी नजरेस पडते. परंपरेत बदल हवा तो एवढाच की, त्या दिवशी घासणी न आणता भिंग आणावे. गेल्या वर्षीची छायाचित्रे शेजारी ठेवून नवे नारिंगी डाग शोधावेत, पुरचुंड्या बदलाव्यात आणि मेणाचा नवा हात द्यावा. हळदकुंकू व पाणी लोखंडाला न लावता बंदुकीखाली अंथरलेल्या वस्त्रापाशी वाहावे, फुलेही लोखंडाला न चिकटतील अशी ठेवावीत, आणि पूजा होताच बंदूक कोरड्या कापडाने पुसून पेटीत ठेवावी. पूजेच्या भावाला यात कोणतीही बाधा येत नाही.

जुन्या बंदुकीचे मोल तिच्या चकाकीत नसते. तिची पिळाची नळी, दस्त्यावर झिजलेली हाताची जागा, कानापाशी दारूने चरलेले लोखंड आणि अर्धवट वाचता येणारे दोन आकडे, यांतून ती कोणाच्या हातून गेली आणि कशी वापरली गेली हे वाचता येते. त्या अक्षरांना गंजाचा धोका आहे, पण घाईने केलेल्या सफाईचा धोका त्याहून मोठा आहे. कारण गंज हळू चालतो आणि त्याला थांबविता येते, तर घासून गेलेले अक्षर परत आणण्याचा कोणताही उपाय नाही. योग्य रीतीने जतन केलेली बंदूक आधीपेक्षा फारशी निराळी दिसत नाही. पुढच्या वर्षीही ती तशीच दिसली, म्हणजे काम साधले असे समजावे.